वहिनी आली की जेवू

१४ नोव्हेंबर २०२४

भामाआक्का,

पाया पडते. तुमी रागात हाव हे ठावं हाय, तरीबी पडते. धाकट्या जावंला त्याला परवानगी लागत न्हाय.

फोन लई येळा केला. योगीराज उचलतो आन म्हणतो, "काकू, आई झोपलीय." सकाळी झोपलीय, दुपारीबी झोपलीय. माझी जाऊ दिवसा पाठ टेकणाऱ्यातली न्हाय, एवढं मला कळतं. म्हणून पत्र लिहिते. पत्र कसं, फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतंच. नाशिकला पत्र पोचतंय का न्हाय, ते पोस्टमनला इचारलं तर तो म्हणला, "काकू, अजून कुणी पत्र लिहितं व्हय?"

काम असं हाय. आपल्या गावात एक डॉक्टरीणबाई येतात. श्रावस्ती त्यांचं नाव. लोहाऱ्याच्या बाजूच्याच हायत. वडील मास्तर व्हते, लेक लई शिकली. सुई टोचत न्हाईत, गोळी देत न्हाईत. म्हातारपणी कुणाचं डोकं ताजं राहतं, कुणाला इसर पडाय लागतो आन असं का व्हतं, ह्याचा त्यांचा अभ्यास हाय. म्हणल्या, "मावशी, आजवर हे सगळं शहरातल्या शिकलेल्या माणसांवर बेतलं. घड्याळाचं चित्र काढा म्हणतात. ज्यानं जन्मात पेन्सिल धरली नाही त्याला ते जमत नाही, आणि मग कागदावर लिहितात, ह्याचं डोकं गेलंय." तर ह्या बाई घड्याळ काढाय लावत न्हाईत. समाजमंदिरात सतरंजी टाकून बसतात आन आपल्याच वस्तूंवरनं इचारतात.

माझी परीक्षा झाली. एका वाटीखाली करडई, एकीखाली मूग, एकीखाली तीळ असं झाकून ठेवलं. मधी माझ्या माहेरच्या गप्पा काढल्या आन मग एकदम इचारलं, कुठं काय हाय? म्या समदं बरोबर सांगितलं. मग म्हणल्या, मिनिटभरात येतील तेवढी जनावरांची नावं घ्या. म्या गाय-म्हशीपासनं सुरू केलं ते इंचवापर्यंत गेले, आन येळ उरला म्हणून भावकीतल्या दोघांची नावं घेतली. बाई एवढ्या हसल्या की घड्याळ थांबवायचं राहिलं!

शंभूतात्यांना इचारलं, "हे गाव कोणतं?" तात्या म्हणले, "जुनं का नवं?" मला वाटलं, तात्या नापास. पण बाई म्हणल्या, भूकंपानंतर गाव उठून इकडं आलं, तवा जुनं का नवं असं इचारणारा माणूस चांगला शुद्धीवर हाय.

आता तुमच्याकडचं काम. बाईंना प्रत्येकाचं ल्हानपण इचारायचं असतं. शाळेत कसा व्हता, डोक्याला मार लागलाता का, मोठा ताप आलता का. ह्यांचं ल्हानपण मला कुठनं ठावं? सासूबाईंचं तोंडबी म्या बगितलं न्हाय. हे एवढेसे व्हते तवा तुमी नवी नवरी म्हणून आलाव आन दिराला पोरासारखं वाढवलं. ते समदं तुमच्यापाशीच हाय.

ह्यांना काय झालेलं न्हाय हां. धडधाकट हायत. बाई सगळ्याच म्हाताऱ्यांचं इचारतात.

तुमची,
कमल

*

९ डिसेंबर २०२४

भामाआक्का,

पाया पडते. निरोप पोचला! आमच्या प्रतीक्षाच्या फोनवर तुमच्या निकिताचा आवाज आला. सुनासुनांचं बरं जमतंय बगा, सासवांचं जमंना तरी. निकितानं तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "चिंचेवरनं पडला होता, पण हाताला लागलं, डोक्याला नाही. ताप गोवराचा. शाळेत हुशार होता. बाकी मला काही विचारू नका." म्या ते चारदा ऐकलं. शेवटच्या वाक्यासकट गोड लागलं.

ह्यांची पाळी मागल्या आठवड्यात झाली. बाईंनी इचारलं, "काका, आज वार कोणता?" हे म्हणले, "म्हाताऱ्याला सगळे वार आयतवार." समदे हसले. इचारलं, "सकाळी काय खाल्लं?" म्हणले, "बायकोनं दिलं ते." परत हशा. वाट्यांखाली काय हाय म्हणल्यावर म्हणले, "झाकलेलं उघडू न्हाय बाई, आब जातो." शंभूतात्यांना तर ठसका लागला. मीबी हसले. बाईबी हसल्या, पण हसताना त्यांचे डोळे माझ्याकडं व्हते. मी पदर सारखा केला.

मग बाई म्हणल्या, "मावशी, घरी काही वेगळं वाटतं का?"

म्या म्हणलं, "न्हाय. हे आधीपासनंच इनोदी."

आन खोटं काय हाय त्यात? आधीपासनं इनोदी हायतच. परवा एका पायात स्वतःची आन एका पायात कृष्णराजची चप्पल घालून रानात गेले. पोरानं दिवसभर एक चप्पल हुडकली. मोटार चालू करायला हिरीवर गेले आन तसेच परत आले, म्हणले, "मी कशाला गेलतो गं?" आता हे माझंबी व्हतं. आतल्या खोलीत जाते आन उभी राहते, कशाला आले ते आठवत न्हाय. सगळ्यांचंच व्हतं. जेवून हात धुतात आन जरा येळानं पुन्हा येऊन पाटावर बसतात, "वाढ की." थट्टा करतात. मीबी अर्धी भाकर वाढते, वाद कशाला?

हे समदं बाईंना सांगत बसले न्हाय. घरातलं गावात कशाला.

तुरी बऱ्या हायत. हुरड्याला येताव का? कणसं भरली की कळवते. न्हाय आलाव तरी कळवते, तुमाला कळूद्या काय चुकवलं ते.

तुमची,
कमल

*

३ जानेवारी २०२५

आक्का,

आता खरं लिहिते.

मागल्या आठवड्यात एका दुपारी हे घरातनं गेले. मी आन प्रतीक्षा तुरी झोडपत व्हतो. कृष्णराज माकणीला खत आणायला गेलता. पाणी प्यायला घरात आले तर बाज मोकळी. आधी वाटलं पारावर असतील. पारावर न्हाईत. शंभूतात्यांकडं न्हाईत. हिरीत वाकून बगताना माझं काळीज कसं झालं ते मला लिहिता येत न्हाय. शंभूतात्यांनी देवळाच्या भोंग्यावरनं नाव पुकारलं. पोरं गाड्या घेऊन सुटली, काही तर धरणाकडं. धरणाकडं का गेली ते कुणी बोललं न्हाय, मीबी इचारलं न्हाय.

त्या दिवशी नशिबानं श्रावस्तीबाई गावात व्हत्या. पळत घरी आल्या. मला वाटलं, आता बोलणार, मावशी तुम्ही मला खोटं सांगितलं. तसं काही बोलल्या न्हाईत. माझा हात धरून इचारलं, "काका लहान असताना घर कुठं होतं?"

म्या म्हणलं, "जुन्या गावठाणात. पण तिथं आता काय हाय? बाभळी."

"चला," म्हणल्या.

त्यांच्याच गाडीतनं गेलो. आक्का, भूकंपानंतर तिकडं जायाचं म्हणलं की मला कसंतरीच व्हायचं, म्हणून मी कधी जायाची न्हाय. बाभळीतनं आत गेलो तर हे बसलेले. आपल्या दाराच्या जागी. भिंत न्हाय, दार न्हाय, पण जागा बरोबर धरली व्हती. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, पंगतीला बसल्यासारखे.

म्या म्हणलं, "हितं काय करताव?"

म्हणले, "भूक लागलीय."

"घरी चला, वाढते."

"न्हाय. वहिनी रानात गेलीय. वहिनी आली की जेवू."

मी ओरडणार व्हते. वहिनी नाशिकला हाय, तुमी म्हातारे झालाव, हे आपलं घर न्हाय, असं समदं तोंडाशी आलतं. बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. त्या ह्यांच्यापाशी खाली बसल्या, मातीतच. इचारलं, "वहिनीच वाढतात का रोज?"

"मग कोण वाढणार? मला आई न्हाय."

"छान करतात का भाकरी?"

"लई पातळ."

बाई म्हणल्या, "काका, वहिनींना यायला उशीर आहे. तोवर ह्या मावशींकडं थोडं खाऊ या?" हे माझ्याकडं बगून म्हणले, "ह्या बाईंकडं? चालंल." आन गाडीत बसले. मी मागं बसून तोंडात पदर कोंबला. हसत व्हते का रडत व्हते, माझं मलाच कळलं न्हाय. पन्नास वर्षं संसार केला आन मी "ह्या बाई"!

घरी आल्यावर हे जेवून झोपले. मग बाईंनी शांतपणे इचारलं, "मावशी, हे कधीपासून?" म्या चप्पल सांगितली, मोटार सांगितली, दोनदा जेवण सांगितलं. आन सांगता सांगता मला एकदम तुळजापूरचं कार्यालय दिसलं.

आक्का, तुमच्या दीपमालाचं लग्न. नात बोहल्यावर, तुमी हिरवं लुगडं नेसून मिरवताव. आन हे समद्या व्याह्यांपुढं म्हणले, "वहिनीनं मला उपाशी ठेवलं. ल्हानपणापासनं उपाशीच ठेवती." तुमचं तोंड पांढरं पडलं. योगीराज अंगावर धावून आला. तुमी उठून आत गेलाव, ते आजवर आमच्या दारात आला न्हाईत.

पण हे जेवले व्हते, आक्का! म्याच वाढलं व्हतं. बुंदी दोनदा घेतली. मला वाटलं, भावकीत कुणी कान भरले, म्हणून मुद्दाम बोलले. मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले न्हाय. हे मला इचारायचे, "काय झालं गं?" मला वाटायचं, नाटक.

बाईंनी ते नीट समजावलं. पोट भरतं पण जेवल्याची आठवण डोक्यात बसत न्हाय. माणसाला खरंच वाटतं, आपल्याला कुणी वाढलंच न्हाय. मग मन कारण हुडकतं, आन ज्यानं जल्मभर वाढलं त्याचंच नाव सापडतं. म्हणल्या, "मावशी, अशा आजारात आळ बहुतेक वेळा सगळ्यात जवळच्या माणसावर येतो. ते बोलणं काकांचं नव्हतं." कदाचित ती सुरुवातच व्हती. आपण भांडण समजलो, तो आजार व्हता.

धाराशिवला नेऊन रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. आजाराला डिमेन्शिया म्हणतात. बरा व्हत न्हाय. पण बाई म्हणल्या, रक्तदाब धरून ठेवला, कानाचं बगितलं, माणसांत बसवलं, हाताला काम दिलं, तर चांगले दिवस लई निघतात. कानात तर एवढा मळ निघाला की हे घरी येऊन प्रतीक्षाला म्हणले, "बाळ, तू आज ओरडतीस का?"

मी तुमाला या म्हणत न्हाय. तुमाला जे लागलं ते खरंच लागलं, आजाराचं नाव सांगून ते पुसत न्हाय. पण हे रोज तुमची वाट बगतात, एवढं तुमाला ठावं पाहिजे.

कमल

*

१९ जानेवारी २०२५

भामाआक्का,

पाया पडते. काल फोनवर आपण दोघींनी काय केलं? तुमी रडलाव, मी रडले, निकिता म्हणली, "बोला की काहीतरी," आन फोन बंद पडला. तुमी येताव एवढंच कळलं. म्हणून कामाचं पत्रात लिहिते.

कृष्णराज तुळजापूरच्या स्टँडवर गाडी घेऊन उभा राहील. येताना उतारावरच्या दुकानातनं बांगड्या घेत बसू नका, तो तुमच्यासारखाच तापट हाय.

आता बाईंनी सांगितलेलं ऐका. हे तुमाला वळखतील का, ते सांगता येत न्हाय. ह्यांच्या डोक्यातली वहिनी पंधरा-सोळा वर्षांची हाय, रानातनं येणारी. तुमचं केस पांढरं. दारात आल्या आल्या "मला वळखलंस का" असं इचारू नका. असं इचारलं की हे घाबरतात, परीक्षेला बसवल्यासारखं. सरळ जवळ बसायचं, हातात काहीतरी काम घ्यायचं. चुकीचं बोलले तर खोडायचं न्हाय. मला हे लई अवघड गेलं. जल्म नवऱ्याचं बोलणं खोडण्यात गेला आन आता एकदम सवय मोडा म्हणतात!

बाईंनी दर गुरुवारी समाजमंदिरात म्हाताऱ्यांची बैठक सुरू केलीय. हे जातात. वार सांगता येत न्हाय, पण कोडी समदी पाठ हायत. जुनी हुमाणी घालतात आन पोरांना हरवतात. बाई ते लिहून घेतात, म्हणतात, काय गेलंय ते मोजणारे पुष्कळ, काय राहिलंय तेबी मोजलं पाहिजे.

दुखलं तर माझ्यापाशी येऊन रडा. मी चुलीपाशीच असते. गॅस हाय, पण तुमच्यासाठी चूल पेटवते.

कमल

*

२० फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज,

काकूचे आशीर्वाद. तू रोज फोन करून इचारतोस, "आईला कधी पाठवता?" तुझी आई फोनवर "बगू" म्हणती आन फोन माझ्या हातात देती. फोनवर मला समदं सांगता येत न्हाय, कारण ती शेजारीच बसलेली असती. म्हणून तुला लिहिते. तूबी तुझ्या काकावर रागावला व्हतास, आन तुझा राग चुकीचा न्हवता. तुझ्या आईचा अपमान तुझ्यापुढं झाला. म्हणून पुढचंबी तुला कळलं पाहिजे.

ती आली त्या दिवशी तुझे काका अंगणात उन्हाळी भुईमुगाच्या बियासाठी शेंगा फोडत बसले व्हते. मान वर करून म्हणले, "या पाव्हणं. कुठल्या?"

आक्का दारातच थांबली. म्या सांगून ठेवलं व्हतं, तरी सांगितलेलं येगळं आन समोर येणं येगळं. पण तुझी आई कणखर. म्हणली, "नाशिकच्या."

"लई लांबनं आलाव. कमल, पाव्हण्यांना पाणी दे."

ती पाणी प्याली, पाट ओढून बसली आन शेंगा फोडाय लागली. दिवेलागणीपर्यंत दोघं फोडत व्हते. बोलणं एवढंच: "ही पोची हाय." "व्हय, टाका." त्या दिवशी तिनं माझ्यापाशी एक डोळाबी ओला केला न्हाय. मलाच तिची काळजी वाटाय लागली.

मग एका गुरुवारी बैठकीवरनं आल्यावर हे जेवायला बसले. आक्का म्हणली, "मी वाढते." मी आत भाकरी थापत व्हते. दार उघडं, समदं दिसत आन ऐकू येत व्हतं.

हे म्हणले, "तुमी पाव्हण्या. तुमी कशाला वाढताव?"

ती म्हणली, "सवय हाय मला."

"आमच्या वहिनीलाबी लई सवय," हे म्हणले, आन हातातला घास तसाच ठेवून बोलाय लागले. योगीराज, इतकं सलग बोललेलं म्या वर्षभरात ऐकलं न्हवतं. "आई गेली तवा मी एवढासा. वहिनी तरी केवढी? पोरगीच. दादा रानातनं भुकेजून यायचा. वहिनी म्हणायची, आदी धाकटा जेवंल. दादा तसाच बसायचा, तिला कोण बोलणार? बहात्तरच्या दुष्काळात तर घरात ज्वारी न्हवती. जी काय मूठभर व्हती तिची भाकर मला. मी एवढा बाप्या झालो व्हतो, तरीबी मलाच. आन ती तांबडा मिलो खायाची, रेशनवरचा सरकारी जोंधळा. मला वाटायचं, तिला मिलोच आवडतो."

माझी तव्यावरची भाकर करपली. आक्का भाजीची वाटी हातात धरून तशीच उभी.

"पाव्हण्याबाई," हे म्हणले, "तुमी तिकडनं आलाव. ती भेटली तर एक निरोप सांगताव का?"

"काय सांगू?"

"म्हणावं, माझं झालं. आता तू जेवून घे."

तुझ्या आईनं हातातली वाटी खाली ठेवली. मग आत आली, स्वतःसाठी ताट घेतलं, बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी पाटावर बसली आन जेवली. माझी करपलेली भाकरबी तिनंच घेतली. पन्नास वर्षांत म्या तिला ह्या घरातल्या बाप्यांबरोबर जेवताना पाहिलं न्हवतं. ती कायम मागनं, चुलीपाशी, उरलंसुरलं.

जेवून हात धुताना तिनं चूळ भरायच्या निमित्तानं लई येळ तोंड धुतलं. म्या टॉवेल धरून उभी. तिनं तोंड पुसलं आन पहिलं वाक्य काय बोलली असंल? "कमल, त्याला रक्तदाब हाय आन भाजीत एवढं मीठ? अक्कल कुठं गहाण ठेवलीस?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझी जाऊ परत आली.

श्रावस्तीबाईंना म्या हे समदं सांगितलं. त्या म्हणल्या, "मावशी, हे मोजायला माझ्यापाशी वाटी नाही." पुढच्या बैठकीला त्यांनी आक्काचीच परीक्षा घेतली. ऐंशीच्या घरातली तुझी आई एकबी वाटी चुकली न्हाय, वर बाईंनाच म्हणली, "ही करडई किडकी हाय, बदला." बाई म्हणतात, असं डोकं कशानं टिकतं तेच मला शोधायचंय. आता त्या दर गुरुवारी तिच्यापाशी बसून जुनं इचारतात आन ही सांगत सुटती. मला इतक्या वर्षांत न सांगितलेलं समदं तिथं बाहेर पडतंय. माझ्या लग्नातलं माझ्या बापाचं भांडणसुद्धा!

तुझ्या काकाचं सांगते. चांगले दिवस असतात, वाईटबी असतात. काल मला "ह्या बाई" म्हणले. आज सकाळी नावानं हाक मारून म्हणले, "कमल, ती नाशिकची पाव्हणी भली हाय, तिला जाऊ देऊ नको." तवा मी तिला कशी पाठवू, तूच सांग. तिलाच इचारलं, योगीराजला काय लिहू? तर तिनं पेन हातातनं घेतलं. खालचं तिचं अक्षर हाय.

तुझी,
कमलकाकू

*योगी, मी आई. मी हितं बरी हाय. बीपीच्या गोळ्या आन माझी जाड चादर धाड. कमल सैपाक खारट करती, बाकी चांगली हाय. काकाला मी वहिनी हाय म्हणून सांगितलं न्हाय आन सांगणारबी न्हाय. पाव्हणी असल्यावर लई मान हाय. निकिताला घेऊन ये. आलास की गपचिप जवळ बस आन शेंगा फोड. लई हायत.*